सातवी टाकी

शोनाने फोन पुढे धरला. पांढरी कांडी, दोन रेघा.
मसुराएवढा जीव, आणि न्याहारीच्या आत
चाळीस जणांनी त्याला लाल बदाम धाडले.
मी चष्मा पुसला. म्हटलं, आणि बेडकी कुठाय?
तिला वाटलं, म्हातारी बरळली.

लढाई संपली तेव्हा एडिंबरात, एका तळघरात
आमच्या टाक्या होत्या. आफ्रिकेच्या बेडक्या.
टपालाने बाटल्या यायच्या, भुशात गुंडाळून,
एखादी वाटेत फुटायची;
पोस्टमन पोतं लांबूनच ठेवायचा.
सोबत डॉक्टरची चिठ्ठी: सौ. अमुक. शंका आहे.
कशाची, ते कुणी लिहीत नसे.
मी बेडकीच्या कातडीखाली सुई टोचायची,
दिवा मालवून घरी जायची.
सकाळी तळाशी अंडी दिसली, मोहरीसारखी,
की समजायचं, डंडीत नाहीतर पेजलीत
कुणाला तरी दिवस गेलेत.
उत्तर डॉक्टरला जाई. तिला नाही.

माझी आई तर एवढंही बोलली नाही.
बटण सरकवून लावायची, बस्स.
बाळंतीण चर्चला जाऊन येईतो
शेजारीण तिला उंबऱ्याच्या आत घेत नसे.
आणि तिची आई? ससा आडवा गेला
म्हणून भर रस्त्यात परकराचा काठ फाडलेला,
बाळाचा ओठ फाटू नये म्हणून.

एका मार्चमध्ये मीही बाटली भरली.
चिठ्ठीवर लिहिलं: सौ. रेनविक, लीथ.
अशी कुणी नव्हती. मी सौ.सुद्धा नव्हते.
सकाळी सातव्या टाकीत
पापणी नसलेले दोन डोळे वर लागलेले,
आणि खाली अंडी, अंडी.
मी वहीत लिहिलं: नाही.
सगळ्या नोकरीतली तेवढीच खोटी नोंद.
मग दोन मापं मोठा कोट मागून घेतला.
पुढे पर्थ. लोकांना सांगितलं, छातीचा आजार.
शोना, तुझी आई नऊ वर्षांची होईतो
मला मावशी म्हणत होती.

शोना बराच वेळ कांडीकडे बघत राहिली.
मग विचारलं, बेडक्यांचं पुढे काय व्हायचं?
महिनाभर विसावा, म्हटलं. मग परत सुई.
माद्याच लागायच्या.
खायला खाटकाकडचं काळीज, बारीक चिरून.
त्या दिवशी सातव्या टाकीत
काळजाचा एक तुकडा मी जास्त टाकला.