खुंटा

जी-एकमध्ये दर लिहिला : एकतीस रुपये वीस पैसे.
पहिल्या ओळीत भरमाण्णा, चार लिटर,
एकशे चोवीस ऐंशी. बरोबर.
मग कोपरा धरून सूत्र खाली ओढलं
आणि जांबोटीच्या उतारावर सायकल सोडावी तसं
ते घरंगळत गेलं शेवटच्या सभासदापर्यंत.

पुंडलिकाच्या दुधाचे झाले शून्य रुपये.
मल्लव्वाच्या साडेसहा लिटरांचे
सहा हजार तीनशे कोटी आणि वर काही.

जी-तीनमध्ये मीच कधीतरी टिपून ठेवला होता
गुरांच्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर.

मल्लव्वा किटली उपडी करत म्हणाली,
"शेक्रेटरी, सुट्टे नसले तर उद्या द्या की."

शिवलीला हसली नाही. बैलहोंगलची पोर,
संघाकडून कॉम्प्युटर शिकवायला आलेली.
मराठी बोलते ओढा ओलांडल्यागत,
एकेका शब्दावर पाय ठेवून, डगमगत नाही ना बघून.
"सर, म्हशीला तुमी नुसतं उभं केलाय.
बांधलंच न्हाई.
ओळ सरकली की दरबी सरकतोय.
खुंटा मारा. गट्टी."

एफ-चार दाबलं तिनं.
जीच्या आधी एक डॉलर, एकच्या आधी एक.
पुन्हा ओढलं :
भरमाण्णा, पुंडलिक, मल्लव्वा, पार खालचा यल्लाप्पा,
सगळ्यांनी मान वर करून
एकाच चौकटीकडे पाहिलं.

आणि एकच खुंटा मारला तर?
"मग अर्धं हालतंय सर. रकाना त्योच, ओळ दुसरी."

वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर राज्य एक, माझ्या दाखल्यावर दुसरं.
चूल तिथंच. परसातला फणस तिथंच.
फक्त घाडीचं गाडी झालं
कन्नडमधून फिरून आलेल्या रेशनकार्डावर.
आम्ही काही सरकलो नव्हतो.
कोपरा कुणी धरला होता, कुठवर ओढला,
हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता,
आणि टँकरचा हॉर्न वळणावर ऐकू यायला लागला होता.

मल्लव्वाला दोनशे दोन रुपये ऐंशी पैशांची पावती दिली.
तिनं ती उलटसुलट बघितली,
"बाकीचे कुठं गेले?" म्हणाली, आणि पदराला गाठ मारली.

जी-तीनमधला नंबर मी अजून काढलेला नाही.
रात्री-अपरात्री कुणाची तरी म्हैस अडते,
तेव्हा तो कुठं आहे हे
न बघता सांगता येतं.