अपुरी ओळ

जालना, एमआयडीसी, रात्रीचे पावणेदोन.
सळई मिलच्या कंट्रोल रूममध्ये खुर्ची एकच,
तिचंही एक चाक गेलेलं.
मी तिरकी टेकून वाचतेय
डब्याएवढ्या यंत्रानं बंद पडण्याआधी काय लिहिलं ते.

भट्टी दोन तापमान पंखा एक अकराशे
चाळीस बंद सुरू

एवढंच. पुढे पडदा काळा.

फोरमन ताहेरभाई खांद्यावरून डोकावतात,
"क्या बोल रा ये, मॅडम?"
एक नाही, दोघं बोललेत, मी म्हणते.
आत कर्नलमध्ये चार कोर कामाला
आणि लिहायला वही एकच.
एकानं "भट्टी दोन तापमान" लिहिलं
अन् आकडा आणायला वळला,
तेवढ्यात दुसऱ्यानं त्याच ओळीत
आपला पंखा घुसवला.
आता "बंद" कुणाचं, "सुरू" कुणाचं,
पंखा की भट्टीचं दार,
मी दीड तास जुळवतेय.

"हमारे घर जेवायला बसल्यावानी," ताहेरभाई म्हणतात,
"सब बोलते, नमक कोई नहीं देता."

याला उपाय मी मागे केला होता.
प्रत्येकाला एक वाटी दिली :
बोल तुझं, पण वाटीत साठव,
वाक्य पुरं झालं की मगच वहीत ओत.
काय सुरेख दिसायला लागला लॉग!
शाळेतल्या शुद्धलेखनासारखा.
मालकांनी छापून फाइलला लावला.

मग दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गिअरबॉक्स जळाला.
वहीत शेवटची ओळ : सर्व ठीक.
पूर्णविरामासकट.
तिसऱ्या दिवशी मेमरी उकरली तेव्हा
एका वाटीच्या तळाशी सापडलं,
"तेलाचा दाब कमी"
क्रियापदाची वाट बघत बसलेलं.
आपल्या भाषेचंही तेच आहे,
सगळं सांगून होतं
आणि जीव शेवटच्या शब्दात अडकतो.

म्हणून आज वाट्या काढून टाकतेय.
तुकडा आला की तसाच बाहेर,
अर्धा तर अर्धा.
मरणाऱ्याला व्याकरण विचारायचं नाही.

"गलत," ताहेरभाई म्हणाले. एकदम मराठीत आले.
"आधा बोललेलं लई वाईट, मॅडम.
वैजनाथ वरून ओरडला, साखळी सोडू
आणि तेवढ्यात कटर पडलं सळईवर.
त्याचं 'नगं' कटरखाली गेलं.
मी सोडली."
त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला.
मी आठ वर्षं बघतेय तो हात,
बोटं मोजली नव्हती कधी.

बराच वेळ कीबोर्ड गप्प.
बाहेर रोलिंग चालू, पत्र्याला हादरे.

मग मी दोन गोष्टी लिहिल्या.
प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर : कुणाचा, किती वाजता.
आणि जो संपला नाही त्याच्या शेपटीला
एक छोटी खूण : थांबा, अजून आहे.
जुळवायचं काम वाचणाऱ्याचं.
वाचणारी मी, रात्रपाळीला जागीच असते.

साडेचारला यंत्र पुन्हा उठवलं.

कोर तीन : भट्टी दोन तापमान +
कोर शून्य : पंखा एक +
कोर तीन : अकराशे बावीस
कोर एक : दार दोन बंद

"पंखा?" ताहेरभाई विचारतात.
माहीत नाही अजून. खूण आहे ना शेपटीला.

ते चहा घेऊन आले,
तीन बोटांत दोन ग्लास, न सांडता.
पंख्याची ओळ तशीच उघडी.
त्यांनी खिडकीतून शेडकडे पाहिलं,
वैजनाथला हाक मारली,
आणि या वेळी
त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत
हात खिशात ठेवला.