निधान

बॉबिन खाली असते.
वरची रिळं दिसतात, आमसुली, मोरपंखी, राणी,
बॉबिन दिसत नाही.
मधेच संपली तरी मशीन थांबत नाही,
सुई खालीवर करत राहते,
आवाजही तोच.
कापड उचललं की कळतं
टाका पडलेलाच नाही,
नुसती भोकं.

तुला काय झालंय, असं कुणी विचारलं
की मी हेच सांगते.
डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाव लांब आहे,
आमच्या वडगावात ते कुणाच्या तोंडात बसत नाही.
सासूबाई म्हणतात, शिरांचं.
समोरची म्हणते, वारं गेलंय अंगावरून.
केबलवाल्या पोराला मात्र एका दमात कळलं,
"म्हणजे वायरचं कव्हर खाल्लंय की उंदरानं, काकी.
करंट हाय, पोचंना झालाय."
होय की रे.

पहिल्यांदा लाल रंग गेला.
एका डोळ्याने कुंकवासारखा,
दुसऱ्याने धुऊन धुऊन विटलेला.
मी गिऱ्हाइकाशीच भांडले,
असलं जुनं कापड नवरीला शिवतात का म्हणून.
मग एका संध्याकाळी सुई बोटातून गेली
आणि मला कळलंच नाही.
चोळीवर डाग दिसला तेव्हा
कुणाचं रक्त, म्हणून आजूबाजूला बघितलं.
ती चोळी मी चार महिने
पेटीच्या तळाशी लपवून ठेवली होती.
आजारही तिथंच, तिच्या घडीत.

आता लपवत नाही.
फ्रिजमध्ये दुधाशेजारी इंजेक्शनचा डबा असतो,
त्याच्यावर गार केलेला पंचा.
एप्रिलात पलीकडचे माग धडधडायला लागले,
पत्रा तापला,
की पाय माझे राहत नाहीत.
पंचा मानेवर घेते. थांबते.
थोड्या वेळानं परत येतात पाय,
रुसून गेलेल्या पोरासारखे, काही न बोलता.

परशरामनं मशीनला मोटर बसवली.
काठी आणली, तिला मी उरलेली जर गुंडाळली.
लग्नसराईत वीस ब्लाउज घेत होते, आता आठ.
नवव्याला नाही म्हणताना
पहिल्या वर्षी रडू यायचं,
आता नुसती मान हलते.
खडे बाजारात कुठल्या दुकानाच्या मागं
बायकांना जायला जागा आहे
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.
हसा. मीही हसते.
पण आधी ती जागा बघते, मग साडी.

दारावर पाटी आहे, दुपारी दोन ते चार बंद.
खाली तेच कानडीत,
नीलव्वाच्या लेकीनं लिहून दिलेलं.
त्या दोन तासांत मी फरशीवर पडून असते.
झोपत नाही. आळसही नाही हा.
बॉबिन भरत असते, म्हणा.

नीलव्वा पलीकडच्या मागावर कांड्या भरते.
मी पायरी उतरायला लागले की तिकडून ओरडते,
"निधान री मालनक्का, निधान!"
तिच्या भाषेत, सावकाश.
माझ्या भाषेत, पुरून ठेवलेलं धन.
किती वर्षं ऐकत होते,
दोन्ही अर्थ ठाऊक होते,
एकत्र कधी ठेवले नव्हते.
परवा तिसऱ्या पायरीवर, भिंतीला हात लावून,
डावा पाय कुठं आहे ते
डोळ्यांनी शोधत असताना
ते एकावर एक बसले, अस्तरावर कापड बसावं तसे.

सगळे दिवस असे नसतात.
काल कात्री तीनदा पडली.
काल मी परशरामवर विनाकारण ओरडले,
आणि जेवणही त्यालाच वाढायला लावलं.

आज जरा बरं आहे.
बॉबिनमध्ये अजून दोरा असावा, हाताला तसं वाटतंय.
तरी मोटर बंद केली.
नीलव्वा खिडकीशी येऊन विचारते,
ब्लाउज कधी देणार?
मी तिच्याच सुरात म्हणते,
निधान.