आठ मिलिमीटर

शारजा, इंडस्ट्रियल पाच. एकाला दहा कमी.
शटर अर्धं ओढलं होतं मी.
खालून आधी चपला आल्या, मग तो,
पिवळ्या पिशवीत वीतभर नळी घेऊन,
भेगाळलेली,
मार्चमधल्या टाचेसारखी.

मी नाकाशी धरली.
ही सवय नूरबक्ष बलोचाची, ज्याच्या हाताखाली शिकलो:
आधी नाक, मग बोट, डोळा सगळ्यात शेवटी,
कारण खिळ्यांवर टांगलेल्या सगळ्या काळ्या नळ्या
डोळ्याला सख्ख्या बहिणी.

पेट्रोल.

"भाई, गाडी कौनसी?"
"पिकअप. पानी की बोतल डालता."
"कार्बोरेटर या इंजेक्शन?"
तो गप्प. मग पायाकडे बघत, स्वतःशीच,
"शिरा पडो ह्या गाडयेर."

मी शटर पुन्हा वर केलं.

बाहेर बॉनेट उघडायला रुमाल लागला.
इंजेक्शनच होतं.
आणि त्यावर कुणीतरी साध्या गाडीची नळी चढवलेली,
जिच्यातून पेट्रोल नुसतं चालत जातं.
इथे ते धावतं.
पन्नास पाउंडाचा दाब, बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड, एका थेंबाची वाट बघत.
"कुणी बसवली रे?"
"अरबाबाच्या भावान."
मी पुढे विचारलं नाही.

आत पंख्याखाली आला तर त्याला पारदर्शक हवी झाली.
"पेट्रोल जाताना दिसात तरी."
दिसेल. चार महिने दिसेल,
मग तिची खडीसाखर होईल.
मग ही, स्वस्त? ही पाण्याची.
पेट्रोल प्याली की फुगते, मऊ पडते,
कुणाला काही बोलत नाही,
आणि एक दिवस सिग्नलला...
मी बाही वर केली. कोपरापर्यंतचं दाखवलं.
नूरबक्षने पाणी नाही, वाळू टाकली होती माझ्यावर.
तेवढं अक्कलखात्यात.

"सात मिलिमीटर चालात? ओढून बसवतंय."
ओढून बसवलेलं ओढूनच निघतं, बाबा.
आठ म्हणजे आठ.
क्लिपा पण या घे, गोल कडेच्या.
त्या दातेरी नको, त्या रबर चावतात.

त्याची नजर कोपऱ्यातल्या बरणीवर.
तीन-तीन बोटांचे तुकडे, वेगळेच ठेवलेले.
"ती टाकीच्या आत बुडून राहणारी.
तिला आतूनही पेट्रोल, बाहेरूनही.
तुझं काम नाही तिच्याशी. किंमत विचारू नकोस."
त्याने विचारली नाही.
एक तुकडा उचलला, चिमटीत दाबून पाहिला,
होता तसा परत ठेवला.

नवी नळी मी ब्लेडने कापली, कात्रीने कधीच नाही.
आरपार फुंकली.
पलीकडे त्याने तळहात धरला होता.
"लागला," म्हणाला.

चावी अर्धी फिरव. थांब. ऐक, पंप गुणगुणतो का.
जोडाभोवती टिश्यू गुंडाळला,
दोघं उकिडवे, अजान होऊन गेली तरी बघत राहिलो.
कागद कोरडा.
पुन्हा चावी. पुन्हा कोरडा.
मग गाडी लागली, आणि तो हसला तेव्हा कळलं,
पोरगा बावीसचा असेल नसेल.

साडेअकरा दिरहम झाले. अरबाबाने दिलेले दहा.
वहीत लिहिलं: रवळू सारंग, दीड बाकी.
गाव विचारणार होतो,
पण त्याला अजून तीस पेट्या टाकायच्या होत्या नाहदाला,
चौथ्या मजल्यापर्यंत.

जुनी नळी काउंटरवरच राहिली.
मी ती उभी चिरली. उगाच.
बाहेरून नुसत्या भेगा होत्या,
आत कातडी सुटून लोंबत होती, सापाच्या कातेसारखी,
किती दिवस असं वाहत होतं कुणास ठाऊक.
अंगावर छापलेलं वर्ष: दोन हजार,
पुढचं पुसलेलं.

शटर पूर्ण खाली.
हात तीनदा धुतले, साबणाने, मग लिंबाने.
डबा उघडला.
भाताला तरी पेट्रोलचा वास आलाच.