तपासनीस

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी छापलेले कागद तपासले.
शाईचा ठिपका, सरकलेली रेघ,
एखाद्या आकड्याचं किंचित खाली बसलेलं पोट.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
माझ्या हातून वाईट शीट
एकदाही बाहेर गेली नाही.
गेली असेल, तर अजून कोणी आणून दाखवलेली नाही.

आणि आता बिटको चौकामागच्या बोळात,
निसारभाईंच्या घड्याळाच्या दुकानात,
समोर चौसष्टच घरं,
आणि मीच उघड्यावर टाकलेला वजीर
मला दिसत नाही.

दिसतो तो मुस्तकीमला.
निसारभाईंचा नातू. तिसरीत. पुढचा एक दात पडलेला.
तो आधी माझ्याकडे बघतो,
मग पटाकडे, मग परत माझ्याकडे,
मोठ्यांच्या ताटात केस दिसल्यावर
सांगावं की नाही, असं पोरं बघतात तसं.
"मावशी, नक्की?"
नक्की, म्हणते मी.
वजीर जातो.

पहिले तीन महिने नुसती हरले.
घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून
तोच उंट मनात परत परत मागे आणायचे.
आमचे हे म्हणाले, एवढा जीव जाळायचा
तर त्यापेक्षा भिशी लाव.
मी पुस्तक आणलं. दहा चाली पाठ केल्या.
अकराव्याला मुस्तकीमने
पुस्तकात नसलेलं प्यादं पुढे ढकललं
आणि माझं घोडं तिथेच अडलं.

एकदा रागाने म्हणाले,
मला फक्त दोष काढता येतात,
खेळणं माझ्या हातात नाही.
निसारभाई डोळ्यातलं भिंग न काढता,
एका लेडीज घड्याळाच्या पोटात चिमटा घालून म्हणाले,
"ताई, बंद पडलेलंच घड्याळ लोक उघडायला आणतात.
चालणारं कोण उघडतंय?"
पुढे काही समजावलं नाही त्यांनी.
मीही विचारलं नाही.

पण तेव्हापासून हरलेला डाव
वहीत उतरवून काढते.
जुनी सवय, लाल पेन्सिलीने गोल, शेजारी शेरा:
सतरावी चाल. घोडा सोडला. हत्तीच्या नादात.
नववी चाल. घाई. कारण सापडत नाही.
तेवीस. इथे मला भीती वाटली होती.
प्रेसमध्ये अशा शीटवर शिक्का बसायचा
आणि ती सरळ कापायला जायची.
कशी चुकलीस, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.
आता मात्र रात्री अकरापर्यंत
चुकलेल्या कागदाशी गप्पा मारत बसते.
मालगाडी खिडकी हलवून जाते.
सोंगट्या थरथरतात, घर सोडत नाहीत.

हळूहळू दिसायला लागलं. सगळं नाही.
कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी
उंटाची एक रिकामी तिरकी वाट.
एक घोडा, जो आत्ता नुसता उभा आहे
पण दोन उड्यांनंतर कुठे असेल, ते.
अंगावर काटा आला.
साठाव्या वर्षी, लाकडाच्या घोड्यावरून!

काल दुकानात पिंपळगावची द्राक्षं होती.
मुस्तकीमचं एक द्राक्ष, एक चाल,
एक द्राक्ष, एक चाल असं चाललेलं.
तिसाव्या चालीला त्याचा हात वाटीत राहिला.
पहिल्यांदाच तो विचार करत होता, माझ्यामुळे.
पूर्ण चार मिनिटं.
भिंतीवरच्या बावीस घड्याळांनी
ती बावीस तऱ्हांनी मोजली.

एकेचाळीसाव्या चालीला मात.
पडलेल्या दातातून हवा सोडत, हळूच म्हणाला.
मी पट सोडला नाही.
राजाची एकेक वाट बोटाने तपासली,
हत्ती इथे, प्यादं इथे, माझाच उंट आडवा.
कुठे ठिपका नाही, रेघ सरकलेली नाही.
इतकं स्वच्छ मला कोणी हरवलं नव्हतं.
हात आपोआप पटाच्या खालच्या कोपऱ्याकडे गेला,
जिथे आम्ही पास झालेल्या शीटवर सही करायचो.

"मावशी, रडताय का?"
नाही रे. मांड परत.
आणि ती वाटी इकडे सरकव.