पोटवर्ग

रात्री दीड. साकीनाका, सहावा मजला.
तन्वीर वैतागलाय: "बाहेरच्या क्लासात मॉड्यूल घेतलंय ना?
मग आतल्याला मेथड सापडत का नाही?"

पोटात राहणारा
पोटचा नसतो, तन्वीर.

कन्नमवार नगरात तीन वर्षं मी
घोसाळकरांच्या आतल्या खोलीत.
भिंतीवरचं सगळं वाचता यायचं मला:
दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर,
काकूंच्या बीपीच्या गोळ्यांची वेळ.
स्थिरांक होते ते, नजर वर केली की दिसायचे.
पण रेशनच्या दुकानात कार्ड पुढे केलं
की दुकानदार म्हणायचा,
या नावाचं यात कोणी नाही.

आणि हाच पत्ता बाहेरून, एका दमात लिहिला,
घोसाळकर, मग दोनदा दोन ठिपके, मग मी,
तर भिंतही दिसेनाशी होते.
का, ते विचारू नकोस. तसंच आहे.

तन्वीरने एक ओळ वाढवली,
आतल्या क्लासातही तेच मॉड्यूल घेतलं.
चाचण्या हिरव्या झाल्या. तो चहाला गेला.

खोली सोडताना गॅसचं पुस्तक शोधत होतो,
तेव्हा कार्ड हाती लागलं.
मागच्या पानावर, शेवटी, काकूंच्या अक्षरात
माझं नाव.
पेन्सिलीने.