पिवळी वायर

चावी काढली की सगळं विसरायचा.
स्टेशनं, आवाज, वेळ.
चावी लावली की पुन्हा बारा,
लुकलुकणारे, कोरे बारा,
सकाळी सातला पण बारा.

शिवाय बोलायचा फक्त उजव्या दारातून.
डावीकडं नाना बसायचे खिडकीला कोपर टेकून.
"बंद आहे ते बरंय," म्हणायचे,
तेव्हा तो चालू असायचा.

नव्या पेठेतला पोरगा म्हणाला, नवा बसवा की,
स्क्रीन येतो, मागचं पण दिसतं.
नानांना हे मी दोनदा सांगितलं, मोठ्यानं.
"चौतीस वर्षं जॉबर होतो," म्हणाले,
"बिघडला म्हणून माग कुणी फेकला नाही."
आणि फणीच्या जुन्या पात्या शोधायला
पलंगाखालचा डबा ओढला.

रविवार. पाणी यायचा दिवस, चौथा का पाचवा.
गाडी बोळात, अर्धी लिंबाखाली, अर्धी उन्हात,
स्टेअरिंगवर एक्स्पोर्टमधून परत आलेला टॉवेल.
आधी बॅटरी सोडवली, दहा नंबरचा पाना.
मग चार-चार पात्या दोन्ही कडांनी आत,
खटका सुटला,
स्टिरिओ हातात आला दुधाच्या दातासारखा.

मागं वायरींचा झुबका.
टेप उन्हानं वितळून काकवी झालेली,
कुणीतरी वरून विडीचा दोरा गुंडाळलेला.
अम्मा ओट्यावर, मांडीवर सूप,
पान कापता कापता म्हणाली, "तो दोरा माझा नाही."

लाल वायर चावीची.
पिवळी आठवणीची,
गाडी झोपली तरी तिच्यात जीव पाहिजे.
आधीच्या मालकानं दोघींना पिळून
एकाच गाठीत चावीला बांधलेलं.
काळीचा स्क्रू रंगावरच आवळलेला,
"अर्थिंगच नाही," मी म्हणालो,
"मग अर्थ कसा लागणार?"
नानांनी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं आणि हसले नाहीत.
ते पत्र्याचा रंग खरवडत होते, चकाकेपर्यंत.

डाव्या स्पीकरसाठी सेल पाहिजे होता.
भिंतीवरच्या घड्याळातला काढून आणला.
वायरींची टोकं सेलला लावली, काही नाही.
नानांनी दाराचं कव्हर उतरवलं,
सेल थेट स्पीकरलाच लावला: खट्.
"वाजला," मी म्हणालो.
त्यांनी कागदी पडद्यावर तळहात ठेवला.
"आगु," म्हणाले.
परत लाव. खट्.
परत.
"हां. आहे."

तुटली होती बिजागरीपाशी, रबराच्या नळीत,
दार उघडून, मिटून, उघडून.
त्यांनी चिमटीत दोन्ही टोकं धरली
आणि ताण्यातलं तुटलेलं सूत जोडतात तशी
अंगठ्यानं एकदाच वळवली.
मी डाग द्यायला सोल्डर गरम करत होतो.
तेवढ्यात ओढून बघून झालं होतं त्यांचं.
डावा कान मागाच्या बाजूचा.
तो कधी गेला, कुणी लिहून ठेवलं नाही,
रजा पडली असती तर लिहिलं असतं.

बॅटरी जोडली. चावी.
मोबाईल बघून वेळ लावली.
कुणीतरी कांद्याचे बाजारभाव वाचत होतं,
दोन्ही दारांतून,
आणि मागं एक बारीक शीळ,
अॅक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती राहिली.
नाना त्यांच्या जागेवर बसले,
कोपर दारावर.
थोड्या वेळानं कोपर काढलं, पंजा ठेवला.
"बाई बोलतीय," म्हणाले.
बाप्या होता.
मी आवाज थोडा वाढवला.

चावी काढली, शंभर मोजले, परत लावली.
बारा वाजून सात. तिथंच कांदा, आता क्विंटलला.
सात हे इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात नळ खाकरला.
बोळभर बादल्या, पाइप, आरडाओरडा,
अम्मा सूप ठेवून उठली.
"किती वाजले बे? पाणी किती वाजता आलं?"
आत भिंतीवर दहा चाळीस,
कारण सेल नानांच्या सदऱ्याच्या खिशात.
मोबाईल माझ्या हातात होता.
तरी गाडीपर्यंत गेलो,
काचेतून बघून आलो.